टेपचं दुमडलेलं टोक

काम संपलं की भाऊ काळ्या टेपचा शेवटचा वेढा देत, टेप दातांनी तोडत आणि तिचं टोक नखाने जरासं दुमडत. एवढंसं, तांदळाच्या दाण्याएवढं. मग त्यावरून अंगठा फिरवून म्हणत, "उद्या कोणी खोलन तं त्याले टोक सापडलं पाह्यजे. शोधत नाही बसा लागलं पाह्यजे बिचाऱ्याले."

उद्या खोलणारे बहुतेक वेळा तेच असत. शेलूबाजारात दुसरे वायरमन नव्हते असं नाही. पण लोक भाऊंनाच बोलावत, कारण त्यांच्या तोंडून 'नाही' निघत नसे. जेवणाच्या ताटावरून उठून कुणाचा पंखा बघायला जात. लग्नाच्या मांडवात पाहुणे म्हणून जात आणि जनरेटरपाशी उकिडवे बसलेले सापडत. तुमच्याही गावात असा एक माणूस असेल. त्याचं नाव घेतलं की सगळे आधी हसतात आणि मग म्हणतात, "लय दिलदार माणूस."

आमच्या गल्लीत दोन सख्खे भाऊ शेजारी राहतात आणि बोलत नाहीत. त्यांच्या सामाईक भिंतीवर एक दिवा आहे. थोरल्याने भाऊंना सांगितलं, दिव्याचं तोंड माझ्या अंगणाकडे कर. भाऊ म्हणाले, "हाव, करून देतो." धाकट्यानेही तेच सांगितलं. त्यालाही, "हाव." मग भाऊंनी त्या दिव्याला अशी फिरकी बसवली की ज्याने त्याने आपल्या सोयीने तो आपल्याकडे वळवून घ्यावा. दोघांनाही वाटे की भाऊंनी आपलंच ऐकलं. चहाच्या टपरीवर ही गोष्ट सांगताना भाऊ स्वतःच खोकला येईपर्यंत हसायचे. मीही हसले होते.

मी मानोऱ्याच्या पलीकडच्या एका बंजारा तांड्यावरची. घरी आम्ही गोरमाटी बोलतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे काही सांगायचं म्हटलं की मला अजून भीती वाटते, आपण चुकीचं तर बोलत नाही ना. शेलूबाजारात एका घरी वरची खोली भाड्याने घेतली, घरमालकिणीला काकू म्हणू लागले आणि मंगरूळपीरच्या कॉलेजात जीपने जाऊ लागले. पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या बटणाचा झटका बसला. काकूंनी भाऊंना बोलावलं.

"कोणत्या गावची वं तू?" शिडीवरून त्यांनी विचारलं.

"मानोऱ्याकडची. तांड्यावरची."

'तांडा' म्हटल्यावर समोरचा माणूस एक क्षण थांबतो. ज्यांनी हे अनुभवलं आहे त्यांना कळेल. भाऊ थांबले नाहीत. "मंग तं मी तुमच्याकडं येऊन गेलो. खांबं गाडाच्या टायमाले होतो मी तिकडं. भाकर खाल्ली हाय तुमच्या तांड्याची," ते म्हणाले, आणि दातात धरलेला स्क्रू काढून पुन्हा कामाला लागले. त्या दिवसापासून मी त्यांना भाऊ म्हणू लागले आणि ते मला 'माय' म्हणू लागले.

काकूंचा मुलगा परदेशात असतो. त्याने पोळ्याच्या सुमारास एक खोकं पाठवलं. आत चार पांढऱ्या गोल डब्या होत्या, कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म. काकूंच्या न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे आणि अशा बंद न्हाणीघरांत माणसं बेशुद्ध पडल्याच्या बातम्या त्याने वाचल्या होत्या. या वायूला रंग नाही, वास नाही. गॅस किंवा कोळसा अपुऱ्या हवेत जळला की तो तयार होतो, आणि माणसाला वाटतं आपल्याला नुसती झोप येते आहे. चारही डब्या तारेने एकमेकींना जोडायच्या होत्या. एक स्वयंपाकघरात, एक न्हाणीघराजवळ, एक खालच्या मागच्या खोलीत आणि एक वर माझ्या खोलीत.

माहितीचा कागद इंग्रजीत होता. भाऊंनी तो माझ्यापुढे धरला. "वाच माय. माह्या बापानं मले एवढं नाही शिकवलं."

मी अडखळत वाचत गेले, ते ऐकत गेले. माझ्या इंग्रजीचा कुणाला तरी उपयोग झाला अशी ती पहिली वेळ. भाऊंनी तारा झाकायला भिंतीवरून पट्टी नेली, कुठेही तार लोंबू दिली नाही. मी विचारलं, पंख्याला दोन तारा लागतात, मग याला तिसरी कशाला?

"फेज अन् न्यूट्रल याच्या पोटासाठी. ही तिसरी निरोपाची," ते म्हणाले. "गावात आग लागली तं ज्याच्या घराले लागली थो एकटाच बोंबलते का? एक बोंबलला का सारे बोंबलले पाह्यजे. नाई तं गाव कायले म्हणाचं त्याले?"

मग परीक्षा घेतली. मी वरचं बटण दाबलं आणि चारही डब्या अशा किंचाळल्या की काकू कानात बोटं घालून देवघरात गेल्या आणि शेजारची म्हैस दावं तोडून निघाली. भाऊ अंगणात उभे राहून शांतपणे बोटांवर मोजत होते. "स्वयंपाकघर, न्हाणी, मागची, वरची. चारही बोंबलले. पास!"

दर रविवारी बटण दाबून बघायचं असं कागदावर लिहिलं होतं. ते काम माझ्याकडे आलं. काकूंचा मुलगा व्हिडिओ कॉलवर विचारायचा, "आई, हिरवा दिवा दाखव." काकू फोन वर धरून प्रत्येक डबीचा हिरवा दिवा दाखवत, आरती ओवाळल्यासारखा.

दसऱ्यानंतर आमचा तांडा रिकामा होतो. बा आणि याडी, म्हणजे आई, ऊसतोडीला जाणार होते. प्रश्न सोनूचा होता, माझ्या धाकट्या बहिणीचा. ती बारावीला होती. सोबत नेली तर वर्ष बुडणार होतं. आणि एकदा कोयता हातात आला की पुढचं वर्ष कुणाचंच येत नाही. मी म्हटलं, माझ्याकडे ठेवा. बा फोनवर विचारू लागले. परकं घर, दोन पोरी, रात्रीबेरात्री काय झालं तर कोण? मी त्यांना काकूंबद्दल सांगितलं, भाऊंबद्दल सांगितलं, भिंतीवरच्या डब्यांबद्दल सांगितलं. भाऊ तेव्हा बोळातला बल्ब बदलत होते. त्यांनी हात पुसला आणि फोन माझ्याकडून घेतला.

"राम राम हो. तुमी बिनफिकीर जा. पोरी माह्याच हाय असं समजा. या घरात काई झालं तं माणसाच्या पयले भिताडं बोंबलन, अशी वायरिंग केली म्या."

बा त्यांना कधी भेटले नव्हते. पण त्यांनी सोनूला पाठवलं.

थंडी पडली आणि काकूंची मुलगी, आम्ही तिला ताई म्हणतो, अकोल्याहून बाळंतपणाला आली. बाळ दवाखान्यात झालं आणि दोघं घरी आली ती मागच्या खोलीत. बाळंतिणीला शेक द्यायची रीत सगळ्यांना माहीत आहे. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा, दारंखिडक्या बंद. खिडकीच्या फटीतही काकूंनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या होत्या. वारं लागू नये म्हणून.

पहिल्याच शेकाला चारही भोंगे वाजले.

बाळ निळं होईपर्यंत रडलं. ताई रडली. शेजारच्या बाया धावत आल्या. मी खाली पळाले, खिडकी उघडली, चिंध्या काढल्या.

"अवं माय, हा तं लेकराच्या जीवावर उठला!" काकू त्या डबीकडे बघून म्हणाल्या.

मी भीत भीत म्हटलं, "काकू, तो बरोबर वाजला. खोलीत खरंच तो वायू साठला होता. शेगडी बाहेर ठेवू, नाहीतर खिडकी तरी उघडी..."

"काई बी सांगू नको. माह्या मायनं आमची सारी बाळंतपणं याच शेगडीवर केली. कोणी मेलं का? गॅससाठी हाय थे. शेगडीले काय समजते त्याले!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजला. तिसऱ्या दिवशीही. मी पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. त्यानंतर तो वाजायचा थांबला. मी कॉलेजातून आले की खिडकी किलकिली असायची. मला वाटलं, काकूंनी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा एका मोठ्या माणसाने माझं काहीतरी ऐकलं.

त्या आनंदात मी टपरीवर भाऊंना गाठलं. "भाऊ, आता शेकाला भोंगा वाजत नाही. काकू खिडकी उघडी ठेवायला लागल्या."

भाऊ बशीतून चहा पीत होते. ते थांबले. मग बशी तोंडाला लावली. "हाव," ते म्हणाले. "बरं झालं माय." आणि पिशवीत काहीतरी शोधू लागले. त्यांना ते सापडत नव्हतं. मी थोडा वेळ उभी राहिले, मग निघून आले.

रविवारी मी वरून बटण दाबायची. भोंगे वाजायचे. घर दणाणायचं. त्या गोंगाटात किती आवाज आहेत ते वर उभं राहून कुणाला कळणार?

सोनूला त्या बाळाचा लळा लागला होता. दुपारी कॉलेजातून आली की ती मागच्या खोलीत जाऊन बसे. ताईला तेवढीच पाठ टेकता येई. सोनूचं पुस्तकही हळूहळू तिकडेच गेलं.

एक दिवस आभाळ भरून आलं होतं, गारठा होता. आमचा एक तास झाला नाही म्हणून मी लवकर परतले. काकू ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"आत शेक चालू हाय. दार नको उघडू, वारं लागन," त्या म्हणाल्या.

"सोनू कुठंय?"

"आतच. लेकरू घिऊन बसली."

मी हाक मारली. उत्तर आलं नाही.

"झोपले असतीन तिघंही," काकू म्हणाल्या. मला मात्र सोनू दिवसा कधी झोपलेली आठवेना. मी दार ढकललं.

खोली उबदार होती. ओव्याचा वास येत होता. खिडकीत पुन्हा चिंध्या होत्या. ताई बाजेवर कुशीवर होती. सोनू भिंतीला टेकून खाली बसली होती, मांडीवर बाळ, डोळे अर्धे उघडे. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला ओळखलं नाही. मग आमच्या बोलीत हळू म्हणाली, डोकं फार दुखतंय. आणि एका बाजूला कलंडली.

तिच्या डोक्यावर, भिंतीवर, हिरवा दिवा लागलेला होता.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बाळाला अंगणात आणून काकूंच्या हातात दिलं. ते गप्प होतं, मग शिंकलं, मग रडलं. ते रडणं ऐकून काकूंनी त्याला पदरात घट्ट गुंडाळलं. शेजाऱ्यांनी ताईला उचललं. सोनूला मी काखेत हात घालून ओढत आणलं, तिच्या टाचा उंबरठ्यावर आपटल्या. कुणीतरी जीप आणली. वाशीमच्या दवाखान्यात नाकातोंडावर ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "खोलीत शेगडी होती का?" काकूंनी मान हलवली आणि पदर तोंडाला लावला.

तिघंही वाचली. सोनू दुसऱ्या दिवशी म्हणाली की बाळ मांडीवरून पडू नये एवढंच तिच्या डोक्यात होतं, बाकी काही उरलंच नव्हतं.

घरी आल्यावर मी आधी मागच्या खोलीत स्टूल नेलं. डबीचं बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. हिरवा दिवा शांतपणे माझ्याकडे बघत होता. मी डबी फिरवून भिंतीवरून काढली. भाऊ करत तशीच, मी बघितलेलं होतं. मागे दोन तारा जोडलेल्या होत्या, फेज आणि न्यूट्रल. तिसरी, निरोपाची, काढून बाजूला ठेवलेली. आतला भोंगाही सोडवलेला. प्रत्येक सुट्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती, एकावर एक, सारख्या वेढ्यांनी.

आणि प्रत्येक टेपचं टोक नखाने दुमडलेलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं.

मी स्टुलावरून उतरले आणि तशीच भाऊंच्या घराकडे निघाले.

भाऊ त्यांच्या ओसरीत मिक्सर खोलून बसले होते. मला बघून त्यांनी पाट पुढे सरकवला. "सोनू कशी हाय?" मी बसले नाही. विचारायचं वाक्य वाटेत जुळवलं होतं, ते विसरले.

"मागच्या खोलीतला भोंगा तुम्ही बंद केला?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. नाही म्हणाले असते तर मी कदाचित विश्वास ठेवला असता.

"काकू रडल्या वं माय. लेकरू दचकून दचकून उठे. ताईचं दूध आटते म्हणे. मी म्हटलं, सव्वा महिना होऊन जाऊ दे, मंग जोडून देतो. जोडाचंच होतं मले. म्हणून तं टोकं दुमडून ठेवली."

"दिवा का चालू ठेवला?"

ते मिक्सरच्या भांड्याकडे बघत राहिले. "काकूंच्या पोराले फोनवर दाखवा लागते ना. दिवा बंद दिसला असता तं त्यानं इचारलं असतं."

"टपरीवर मी तुम्हाला सांगितलं, भाऊ. आता वाजत नाही म्हणून. तुम्ही बरं झालं म्हणालात." माझी पुस्तकी भाषा सुटली. "मले तरी सांगाचं होतं."

"तुले सांगतलं असतं तं तू ऐकली असती का?"

"नाही."

"म्हणूनच नाही सांगतलं."

त्यांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मला रागही पटकन येईना. त्यांना खरंच वाटत होतं की हे उत्तर आहे. मग ते म्हणाले, "चाल, आत्ता येतो. आत्ताच जोडून देतो."

"राहू द्या," मी म्हटलं.

परत येताना मला तो भिंतीवरचा दिवा आठवला, दोन्ही अंगणांकडे फिरणारा. भाऊंच्या तोंडून 'नाही' निघत नाही, असं आम्ही सगळे कौतुकाने म्हणायचो. पण ते निघत होतं. फक्त जो समोर उभा असेल त्याला ते कधी ऐकावं लागत नव्हतं. जो समोर नसेल, त्याच्या वाट्याला ते गुपचूप जात होतं. काकू समोर होत्या, ताई समोर होती, रडणारं बाळ समोर होतं. मी जीपमध्ये होते. सोनू वर्गात होती. बा कुठल्यातरी उसाच्या फडात, भिंती ओरडतील या भरवशावर मोळ्या बांधत होते.

बांना सांगावं की नाही, यावर मी खूप विचार केला. सांगितलं तर ते सोनूला बोलावून घेतील. कोयता, मग लग्न. गप्प राहिले असते तर घर शांत राहिलं असतं आणि दिवाही हिरवा दिसला असता. तसं मनात आलं तेव्हा मला ती डबीच आठवली. मी फोन केला आणि सगळं सांगितलं. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"तो माणूस म्हणाला होता, पोरी माझ्याच समजा," बा म्हणाले.

"हो."

"परीक्षा कधी आहे तिची?"

मी सांगितलं.

"मग राहू दे तिथंच. पण आता मी तिला तुझ्या भरवशावर ठेवतो. दुसऱ्या कुणाच्या नाही."

मंगरूळपीरहून दुसरा वायरमन येऊन तारा जोडून गेला. घाईचा माणूस. त्याने टेप कशीतरी गुंडाळली आणि टोक दाबून टाकलं. ते शोधायला नख लावावं लागेल. काकूंनी शेगडी बंद केली, निदान खोलीत तरी. आता तेल चोळून उन्हात शेक असतो. माझ्याशी त्या पहिल्यापेक्षा हळू बोलतात. त्यांच्यावर मला तितका राग नाही. त्यांनी मला कधी काही वचन दिलं नव्हतं.

भाऊ आमच्या गल्लीत येत नाहीत. कुणी बोलावलं तरी 'हाव' म्हणतात आणि येत नाहीत, असं लोक सांगतात. टपरीवर अजून त्यांचं नाव निघतं आणि कुणीतरी हसून म्हणतं, "लय दिलदार माणूस." ते खोटं आहे असं मला म्हणता येत नाही. माझ्या खोलीतलं बटण अजून त्यांनीच बसवलेलं आहे आणि त्याचा झटका बसत नाही.

रविवारची परीक्षा आता वेगळी घेतो. सोनू मागच्या खोलीत स्टुलावर चढून डबीवर हाताचा पंजा ठेवते. काकू स्वयंपाकघरात, ताई बाळाला शेजारी देऊन न्हाणीपाशी. मी वरून दाबते आणि जिच्या तिच्या ठिकाणाहून हाक येते, "वाजला!"

मागच्या रविवारी दाबताना खिडकीतून रस्त्याकडे नजर गेली. कोपऱ्यावर भाऊंची मोपेड उभी होती, मागे शिडी बांधलेली. इंजिन बंद होतं. ते सीटवर बसूनच होते, मान खाली, आणि एका हाताच्या बोटांवर मोजत होते. काकूंची हाक आली. ताईची आली. त्यांचं मोजणं तिसऱ्या बोटावर थांबलं होतं.

पूर्वीची असते तर मी खिडकीतून ओरडले असते, "भाऊ, चारही!"

"वाजला!" खालून सोनू ओरडली.

मी बटणावरचं बोट उचललं. भोंगे गप्प झाले. मग रस्त्यावर मोपेड सुरू झाल्याचा आवाज आला.